काहिलीपाशी कवटीवाले

न्हावरे मागं टाकलं की भीमेच्या पुलाच्या अलीकडं रस्त्याला एक वळण आहे, आणि त्या वळणावर माझं नाक आपोआप वर होतं. ही वीस वर्षांची सवय. पूर्वी हिवाळ्यात इथं धुराडं दिसायच्या आधी वास यायचा, गरम, जड, किंचित करपट. त्यात जळत्या चिपाडाचा, म्हणजे पिळून वाळवलेल्या उसाचा, धूर आणि भिजलेल्या रानाची ओल मिसळलेली असायची. त्या रविवारी स्कूटी घेऊन निघाले तेव्हाही नाक वर झालं. पण वास आला तो पुढं चाललेल्या उसाच्या ट्रॅक्टरच्या डिझेलचा. गुऱ्हाळ बंद होऊन दोन हंगाम झाले होते. मला ते माहीत होतं, नाकाला कुणी सांगितलं नव्हतं.

निघाले होते बापूकडं. बापूनं आमचा ग्रुप सोडला होता.

ग्रुप म्हणजे आम्ही चौघंच. शिरूरची मी आणि आमच्या गल्लीतला रफिक, ज्याचं आता मोबाइल आणि स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे. दौंडच्या रेल्वे कॉलनीतला सुन्या, जो बापाच्या पावलावर पाऊल टाकून रेल्वेतच लागला. आणि या गुऱ्हाळाचा बापू. चौघांनाही एकच रोग, हेवी मेटल. शिरूर-दौंडच्या पट्ट्यात हा रोग झालेली माणसं एका हाताच्या बोटांवर मोजता यायची, आणि मोजून झाल्यावर अंगठा उरायचाच.

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या सर्वांत लाडक्या बँडचा नवा अल्बम आला. अकरा वर्षांनी! त्याच दिवशी मुंबईच्या कॉन्सर्टचीही घोषणा झाली आणि ग्रुपवर नुसता धुरळा उडाला. रफिकनं लिहिलं, "पुढं उभं ऱ्हायचं साडेआठ हजार. मागं खुर्चीवर पाच." सुन्यानं लिहिलं, "साडेआठ हजारात तवा अख्खा बँड दौंडला उतरला असता." मी लिहिलं, "काढायचंच. पुढचंच. जगायचं किती आता?" आणि खाली तीन कवट्या टाकल्या. त्या कवट्यांच्या खाली एक बारीक राखाडी ओळ उमटली. बापू ग्रुपमधून बाहेर पडला होता.

आधी वाटलं, चुकून झालं असेल. मग लक्षात आलं. गुऱ्हाळ बंद पडल्यापासून बापू पिकअपमधून लोकांची भाजी तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजारात नेऊन घालत होता. आणि आम्ही तिघं पगारदार, दुकानदार माणसं त्याच्यासमोर साडेआठ हजार असे उधळत होतो जणू चिंचोके. मी फोन केला. त्यानं उचलला, पण माझं "बापू, अरे" पुरतं व्हायच्या आत म्हणाला, "फोनवर काय बी बोलू नको. ह्यो महिना सरला की पयल्या रविवारी या सगळी. आमचं आप्पा बी वाट बघत्यात." आणि ठेवला. नंतर दोनदा केला, तर उचललाच नाही. वीस वर्षांत बापूनं माझा फोन उचलला नाही असं कधी झालं नव्हतं. बापू गेला तर आमचं उरतं काय, हे मी मनात नीट उच्चारतही नव्हते.

वळण संपलं आणि धुराडं दिसलं. थंड, वरच्या काठावर एक साळुंकी बसलेली.

पहिल्यांदा मी बापूला पाहिलं ते एसटीत. दौंडला मामाकडं चालले होते, बारावीची सुट्टी होती. समोरच्या बाकावर एक काडीसारखा पोरगा, अंगात काळा टी-शर्ट, त्यावर दात विचकणारी कवटी. अख्ख्या गाडीत त्याच्याकडं कुणी धड बघत नव्हतं आणि माझी मात्र नजर हटत नव्हती. रफिकच्या घरी त्याच कवटीची कॅसेट मी झिजेपर्यंत ऐकली होती. शेवटी धीर करून म्हणाले, "दुसऱ्या बाजूचं चौथं गाणं." तो एवढा दचकला की हातातली पिशवी सुटली आणि गुळाची अर्धी ढेप एसटीभर घरंगळत गेली. कंडक्टरनं ती उचलून दिली आणि एक खडा स्वतःच्या तोंडात टाकला. आमच्या मैत्रीचा हिशेब तिथून सुरू होतो.

बँडची इंग्रजी नावं आमच्या घरी कुणाच्या तोंडात बसत नसत, म्हणून आम्ही ती चित्रांवरून पाडली होती. कवटीवाले, घोडेवाले, दाढीवाले. एक होते विहिरीवाले, कारण त्यांच्या कव्हरवर एक खोल काळं भोक होतं. "घोडेवाल्यांचं नवीन काय आलं?" असं आम्ही भर बाजारात बोलायचो आणि लोकांना वाटायचं यांचा बैलगाडा शर्यतीशी काही संबंध असावा. पण जीव होता तो कवटीवाल्यांवर.

नव्या अल्बमची सीडी रफिक पुण्याहून आणायचा. सीडी एक, माणसं चार. शिरूरकर दौंडला जायला तयार नाहीत, दौंडकर शिरूरला यायला तयार नाही. मधोमध काय, तर बापूचं गुऱ्हाळ. तिथं रफिकनं स्वतः बनवलेला स्पीकरचा खोका गाडीच्या बॅटरीवर लागायचा, आणि आम्ही चौघं काहिलीपासून दहा पावलांवर चिपाडाच्या गंजीत पाय खुपसून बसायचो. काहील म्हणजे रस उकळायची ती अवाढव्य लोखंडी कढई; आत माणूस आडवा झोपेल एवढी. खाली चुलाणात चिपाड भडभडून पेटायचं, वर रस खदखदायचा, आणि वाफेत आम्ही सगळे नुसत्या आकृत्या दिसायचो.

नियम तिथंच ठरला. कुणी कागदावर लिहिला नाही, पण दगडावरची रेघ. नवा अल्बम कुणीही एकट्यानं ऐकायचा नाही. पहिल्यांदा तो काहिलीपाशी, सगळ्यांनी मिळून, पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत. मधे शब्द बोलायचा नाही. संपला की लगेच दुसऱ्यांदा. कारण अल्बम दोनदा वाजला की आप्पांची एक काहील उतरायची. दुसऱ्यांदाचं शेवटचं गाणं चालू असताना आप्पा उठायचे, गडी काहील कलंडवायचे, आणि तो सोनेरी लगदा सळसळत थंड करायच्या पसरट वाफ्यात उतरायचा. मग उसाच्या कांड्यावर गुंडाळलेला गरम गूळ, वर शेंगदाणे. बोटं भाजायची, टाळू भाजायची, आणि त्या भाजलेल्या तोंडानंच आम्ही अल्बमवर तावातावानं भांडायचो. पहिला घास ज्याला मिळे त्यानं पहिलं मत द्यायचं. सुन्या नेहमी धावून पहिला घास घ्यायचा आणि नेहमी सगळ्यांत वाईट गाणं निवडायचा.

आप्पा म्हणजे बापूचे वडील. रसाच्या बुडबुड्यांचा आवाज ऐकून गूळ झाला की नाही सांगणारा माणूस. पहिल्या दिवशी त्यांनी दोन मिनिटं कवटीवाल्यांना कान दिला आणि विचारलं, "ह्ये गानं हाय का कुनाचं चरकात बोट घावलंय?" चरक म्हणजे ऊस पिळायचं यंत्र. आम्ही पोट धरून हसलो. तिसऱ्या वेळेला मात्र म्हणाले, "ह्यो वाजवनारा बरा हाय. आपल्या जुन्या इंजनाचा ठेका हाय त्याला. गानाऱ्याला काकवी पाजा म्हनावं, घसा सोललाय बिचाऱ्याचा." पुढं आम्ही यायचा दिवस ठरला की काहील कधी चढवायची ते आप्पा आमच्या वेळेप्रमाणं ठरवू लागले. बाकीचे शेतकरी चिडायचे, पण गूळ आप्पांसारखा कुणाचाच उतरत नसे, म्हणून गप्प बसायचे.

एकदाच आप्पा चुकले. त्या वर्षी कवटीवाल्यांनी कमाल केली होती. सहाव्या गाण्याला ड्रम असा काही सुटला की आप्पांची मान डोलू लागली, मग हातातला लांब दांड्याचा झारा, मग आप्पा सबंध. आणि गाणं संपलं तेव्हा काहिलीतून काळा वास येत होता. अख्खी काहील करपली. बाजारात तो गूळ कुणी हातात धरेना. बापूच्या आईनं आम्हा पाचही जणांना एका रांगेत उभं करून झापलं, त्यात आप्पाही आले. "पोरांचं ठीक हाय, पन तुमी वो?" आप्पा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होते. तो सगळा हिवाळा आमच्या चार घरांत काळ्या गुळाचा चहा झाला. कडू-गोड, थोडा जळका, जिभेवर बराच वेळ राहणारा. त्या अल्बमला आम्ही अजून 'करपलेला' म्हणतो, आणि आमच्या बोलीत त्याच्याहून मोठी पदवी नाही.

पहिली कॉन्सर्ट पुण्याबाहेरच्या एका मैदानावर. बँड दुसराच, नावाजलेला नव्हे, पण आमच्यासाठी इंद्रसभा. तिकीट अठराशे. बापूनं आप्पांना समजावलं की पुढं उभं राहायचं जास्त आणि मागं बसायचं कमी. आप्पांना ते काही केल्या पटेना. "उभं ऱ्हायचं जादा? आन् बसायचं कमी? मंग एसटीत म्या आजवर फुकाट उभा ऱ्हायलो व्हय?" पण पैसे दिले. मी आईला मैत्रिणीच्या लग्नाचं सांगितलं, पंजाबी ड्रेसच्या आत काळा टी-शर्ट घातला आणि रफिक सोबत आहे म्हटल्यावर आईचा जीव भांड्यात पडला. रफिकवर आमच्या घराचा माझ्यापेक्षा जास्त विश्वास.

मार्केट यार्डात ढेपा घेऊन जाणाऱ्या पिकअपमधून आम्ही गेलो, मागं ढेपांवर बसून. उन्हानं गूळ पाघळलेला. उतरलो तेव्हा चौघांचीही पाठ चिकट. गेटवर सुरक्षावाल्यानं बापूच्या खिशातून गुळाचा खडा काढला, हुंगला, "ये क्या है भाई?" म्हणाला. बापू म्हणाला, "गुड़ है, खाओ." त्यानं खाल्ला आणि उरलेला खडा परत बापूच्या खिशात ठेवून त्यावर थाप मारली. आत हजारो माणसं, धूर, घाम, पायाखाली धडधडणारी जमीन. आणि आमच्या आजूबाजूची मंडळी एकमेकांना विचारतायत की गुळाचा वास कुठून येतोय. तेवढा आनंद मला नंतर दहावीस वेळाच झाला असेल. रात्रभर कानात पाणी गेल्यासारखं वाटत होतं आणि टी-शर्टवर मुंग्या चढल्या होत्या.

पुढं लग्नं झाली, शिफ्ट लागल्या, सीडी गेल्या. गाणी हवेतून फोनमध्ये उतरू लागली. नियमाचं कारण संपलं होतं, पण नियम राहिला. शेवटचा अल्बम अकरा वर्षांपूर्वी असाच काहिलीपाशी ऐकला, मांडीवर माझी चार महिन्यांची मुलगी घेऊन. ती सगळ्या गोंगाटात गाढ झोपली होती.

आता एक कबुली द्यायची आहे. नवा अल्बम मी ऐकला होता. बापूनं ग्रुप सोडल्याच्या तिसऱ्याच दिवशी, कंपनीच्या बसमध्ये. मी रांजणगावला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हे माझं पोटापाण्याचं काम. अर्धा जाताना ऐकला, अर्धा येताना, एकच इयरफोन, दुसरा कान जगासाठी मोकळा, म्हणजे पापही अर्धंच असावं. शेजारी बसणारी आमच्या लाइनवरची पोरगी हसत म्हणाली, "मॅडम, आपका पैर बहोत नाच रहा है." तिसऱ्या गाण्याच्या मधोमध सगळं एकदम थांबलं. गिटार नाही, आवाज नाही, काही नाही. मला वाटलं संपलं, फोन बघायला खाली वाकले, आणि तेवढ्यात ड्रम एकटाच असा परत आला की मी "आईशप्पत" म्हणून ओरडले आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला. त्यानंतर ते गाणं मी किती वेळा ऐकलं ते विचारू नका. रागावून गेलेला मित्र, आणि त्यात मी नियमही मोडलेला. गुऱ्हाळाच्या फाट्यावर वळताना मी ठरवून टाकलं की तिसऱ्या गाण्याला चकित व्हायचं. चांगलं दणकून चकित व्हायचं.

रफिक आणि सुन्या आधीच आले होते. सुन्याच्या डोक्यावर केस नव्हते, रफिकच्या दाढीत पांढरा पट्टा. आप्पा कडुलिंबाखाली बाजेवर होते. आता त्यांना कमी ऐकू येतं, पण मला ओळखलं. "ये पोरी. लई दिसानं." काहील पालथी पडलेली, वर गंज, एका बाजूला कोंबडीची पिल्लं. आणि तिच्यापासून दहा पावलांवर बापूनं चिपाडाची एक ताजी गंजी घातली होती. कुणाच्या तरी गुऱ्हाळावरून मुद्दाम आणलेली. एका विटांच्या चुलीवर छोट्या कढईत रस उकळत होता, दहा-बारा लिटर असेल. बापू माझ्याकडं न बघता म्हणाला, "बस. बोलू नको." मी बसले. 

रफिकनं तोच जुना खोका आणला होता, आत नवे स्पीकर घालून. बापूनं फोन जोडला आणि अल्बम सुरू झाला.

पहिलं गाणं. दुसरं. बापू डोळे मिटून बसला होता आणि त्याचा चेहरा काहीच सांगत नव्हता. मग तिसरं. मी तयारीत होते. चकित व्हायचं आहे, असं मी स्वतःला बजावत होते. पण गाणं वर चढत गेलं, चढत गेलं, आणि तुटलं. शांतता. कढईतल्या रसाचे बुडबुडे तेवढे ऐकू येत होते. आणि मी बघते तर माझे दोन्ही हात हवेत, न दिसणाऱ्या काठ्या धरून, पुढचा ठोका मारायला टपलेले. शेजारी रफिकचे दोन्ही हात हवेत. पलीकडं सुन्याचे दोन्ही हात हवेत.

बापूनं डोळे उघडले, फोनकडं हात नेला. "संपलं? लई लवकर संपिवलं की."

"थांब!" आम्ही तिघं एकदम ओरडलो. आणि ड्रम परत आला.

बापूनं गाणं बंद केलं. आमच्या सहा हातांकडं पाहिलं. "तुमाला कसं ठावं?"

सुन्या म्हणाला, "अंदाज रं."

"तिघांचा बी?"

सहाही हात हळूहळू खाली आले. शेवटी मीच म्हणाले, "बसमध्ये ऐकला. तिसऱ्या दिवशी." रफिक काहिलीकडं बघत म्हणाला, "म्या दुकानात. पयल्याच दिवशी. गिऱ्हाइकाचा स्पीकर तपासायचा व्हता." सुन्या म्हणाला, "म्या किती येळा ते इचारू नगा."

"आणि तू?" मी विचारलं.

"म्या कसा ऐकीन?" बापू खरोखर बुचकळ्यात पडला होता. "ठरलंय न्हवं आपलं. म्हनून तर ग्रुप सोडला. सुन्याच्या बोटांना दम कुठं निघतोय? तिसरं गानं असं, पाचवं तसं, समदं लिवनार ह्यो. आन् तू तर फोनवर चाली म्हनून दावतीस. तुजा फोन उचलायचा म्हंजी निम्मा अल्बम ऐकल्यागत. तीन आठवडं पिकअपमधला रेडिओसुद्धा लावला न्हाई म्या."

"आम्हाला वाटलं तिकिटाचा राग आला."

"कसला राग? उभ्याचंच काढा. बसून कोन बघतंय कवटीवाल्यांना?"

मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम, आणि मी काहीच लपवलं नाही. वीस वर्षं झाली, गुऱ्हाळ गेलं, आणि हा वेडा माणूस रोज भाजीच्या पिकअपमध्ये शांतता घेऊन हिंडत होता, का तर आम्ही यायचे होतो. मला माझी एवढी लाज कधी वाटली नव्हती. मी तसं म्हणालेही. तो म्हणाला, "ऱ्हाऊ दे. पयल्यापासनं लावतो. आता तुमी गान्याकडं बघू नका. गप ऱ्हावा, मला ऐकू द्या."

मग आम्ही तिघांनी गाण्याकडं बघितलंच नाही. बापूकडं बघत बसलो. कुठं त्याची भुवई वर जाते, कुठं ओठ दाबतो, कुठं त्याचा पाय चिपाडात आपोआप खुपसला जातो. पाचव्या गाण्याला तो हसला आणि आम्हाला कळलं की पाचवं गाणं किती चांगलं आहे; आम्हाला एकट्यानं ते कळलंच नव्हतं. अल्बम संपला तेव्हा त्यानं चिपाडातून पाय बाहेर काढले. मग एकच शब्द म्हणाला, "करपलेला." सुन्यानं त्याला मिठी मारली.

रिवाजाप्रमाणं दुसऱ्यांदा लावला. कढईतला रस आता दाट झाला होता, आणि तो वास आला. तोच. वळणावर हुकलेला. आप्पा काठी टेकत येऊन बाजूच्या दगडावर बसले, झारा मागून घेतला. तिसरं गाणं सुरू झालं, वर चढत गेलं, चढत गेलं आणि तुटलं. आता हवेत आठ हात होते. बापूचे सगळ्यांत वर. बुडबुडे वाजत होते.

आप्पांनी मान वळवली. "संपलं का रं?"

"न्हाई आप्पा," आम्ही चौघंही ओरडलो, "अजून हाय!"